‘कॉमन मॅन’चा न्याय आणि विरार लोकल

निशिकांत कामत यांचा ‘डोंबिवली फास्ट’ २००५ सालचा. नीरज पांडे यांचा ‘अ वेन्सडे’ आला ५ सप्टेंबर २००८ रोजी. पहिला मराठी, दुसरा हिंदी. पहिल्याचा नायक माधव आपटे बँकेत कारकून आहे. दुसऱ्याच्या नायकाला नावच नाही. दोघेही मध्यमवर्गीय, लोकलने ये-जा करणारे, कुणाच्या अध्यात-मध्यात नसणारे. एके दिवशी दोघांचाही संयम सुटतो आणि ते कायदा हातात घेतात. प्रेक्षकांनी दोघांनाही डोक्यावर घेतलं.

या दोन सिनेमांच्या मधल्या काळात आमच्या पश्चिम रेल्वेवर ११ जुलै २००६ ची संध्याकाळ येऊन गेली. मी नालासोपाऱ्यात राहतो. इथल्या माणसाला ती संध्याकाळ बाजूला ठेवून या सिनेमांबद्दल बोलता येत नाही.

आधी या प्रकारच्या सिनेमाचा थोडा इतिहास पाहू. साध्या माणसाने हत्यार उचलून सूड घेण्याची ही गोष्ट गाजली ती १९७४ च्या ‘डेथ विश’ या अमेरिकन सिनेमापासून. न्यूयॉर्कमधला एक आर्किटेक्ट, त्याच्या बायकोचा गुंड खून करतात, मग तो रात्री पिस्तूल घेऊन रस्त्यावर उतरतो. ज्या कादंबरीवर हा सिनेमा बेतला होता तिचे लेखक ब्रायन गारफिल्ड यांना तो आवडला नव्हता. सूडाने माणूस आतून कसा पोखरला जातो हे त्यांना सांगायचं होतं. पडद्यावर मात्र त्या माणसाचा हिरो झाला. म्हणून त्यांनी पुढे १९७५ मध्ये ‘डेथ सेंटेन्स’ ही दुसरी कादंबरी लिहिली. आपल्याकडे १९८४ मध्ये ‘आज की आवाज’मध्ये राज बब्बर यांनी असाच एक प्राध्यापक रंगवला. सत्तरच्या दशकातला अमिताभ बच्चनचा रागीट तरुण वेगळा होता. तो कधी गोदी कामगार, कधी स्मगलर, कधी इन्स्पेक्टर. नव्वदनंतर राग आला तो खिशात रेल्वेचा पास असलेल्या, वेळेवर बिलं भरणाऱ्या माणसाला.

‘डोंबिवली फास्ट’ची तुलना १९९३ च्या ‘फॉलिंग डाउन’शी नेहमी होते. पण आपटे अस्सल आपल्याकडचा आहे. तो ज्यांच्या अंगावर जातो त्यांचा गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला असतो. कुणी छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतो, कुणी लाच मागतो. आपटे चुकत असेल, पण त्याने माणूस चुकीचा पकडलेला नाही. आणि कामत त्याला विजयी वीर करून सोडतही नाहीत. या सिनेमाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता ११ जुलै २००६. मंगळवार होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, अवघ्या अकरा मिनिटांत सात बॉम्ब फुटले. सगळे चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या लोकलमध्ये, पहिल्या वर्गाच्या डब्यांत. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या स्थानकांच्या परिसरात. १८९ माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. एक जखमी प्रवासी तर नऊ वर्षं कोमात राहून २०१५ मध्ये गेला. ती वेळ घरी परतणाऱ्यांची होती. भाईंदरची खाडी ओलांडून वसई, नालासोपारा, विरारला येणारी माणसं त्या गर्दीत होती. बॉम्बने कुणाचा धर्म विचारला नाही.

‘अ वेन्सडे’चा नायक याच स्फोटांनी पेटलेला आहे. नसीरुद्दीन शाह यांनी तो असा उभा केला आहे की आपल्या शेजारच्या सीटवरचा माणूस वाटावा. तो पोलीस आयुक्तांना फोन करतो, शहरात बॉम्ब ठेवल्याचं सांगतो आणि कोठडीतले चार अतिरेकी मागतो. आपल्याला वाटतं त्याला ते सोडवायचे आहेत. त्याला ते मारायचे असतात. एखाद्याला गुन्हेगार ठरवायला दहा-दहा वर्षं का लागतात, हा त्याचा आयुक्तांना सवाल आहे. थिएटरात टाळ्या पडल्या त्या या सवालाला.

सिनेमा एकांगी आहे असं मी म्हणणार नाही. त्यात आरिफ हा धाडसी मुस्लिम अधिकारी आहे. दाढी ठेवायला आणि टोपी घालायला आता भीती वाटते, हेही तो नायक बोलून जातो. हिंदी सिनेमात हे इतक्या सरळपणे फार कमी वेळा बोललं गेलं आहे. शेवटी आयुक्त त्याचं नाव सांगत नाहीत, कारण लोक नावात धर्म शोधतात. हे दिग्दर्शकाचं भान आहे. पण नाव झाकलं जातं ते मारणाऱ्याचं. मरणाऱ्या चौघांची नावं मात्र स्पष्ट ऐकू येतात, आणि ती चारही मुसलमानांची आहेत.

माझा मूळ आक्षेप मात्र नावांवर नाही. हे चौघे खरोखरच दोषी आहेत, याविषयी सिनेमा प्रेक्षकाच्या मनात कसलीच शंका ठेवत नाही. सूडाच्या प्रत्येक गोष्टीला ही खात्री लागते. ती लेखकाने आधीच देऊन ठेवलेली असते, म्हणून आपण निश्चिंत मनाने टाळ्या वाजवतो. प्रत्यक्षात ही खात्री कोण देणार?

खऱ्या खटल्यात काय झालं ते पाहा. दहशतवादविरोधी पथकाने १३ जणांना पकडून मोक्का लावला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बाराजणांना दोषी ठरवलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. तेरावा निर्दोष सुटला. तो अब्दुल वाहिद शेख, पेशाने शाळामास्तर. नऊ वर्षं तुरुंगात काढून बाहेर आल्यावर त्यांनी ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक लिहिलं. मग २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराजणांनाही निर्दोष ठरवलं. कबुलीजबाबांतले काही भाग शब्दशः सारखे होते आणि ते छळ करून घेतल्याचा आरोप न्यायालयाला दखलपात्र वाटला. महत्त्वाचे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते, हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. फाशी सुनावलेल्यांपैकी एकजण तर २०२१ मध्येच कोरोनाने गेला. निर्दोष ठरला तेव्हा तो हयात नव्हता.

तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जावं लागणार नाही. राज्य सरकारने अपील केलेलं आहे. कायद्याची वाट अशीच लांब असते.

आता ‘अ वेन्सडे’ची पटकथा या खटल्याला लावून बघा. २००८ मध्ये एखाद्या संतप्त प्रवाशाने फोन केला असता आणि आयुक्तांनी हे तेराजण त्याच्या हवाली केले असते, तर? शाळामास्तरही त्या गाडीत बसला असता. टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. आणि २०२५ चा निकाल वाचायला त्यांच्यातला कुणीही उरला नसता.

उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच एक मुद्दा मांडला आहे, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला दिलासा मिळतो, पण खरा धोका मोकाटच राहतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा फक्त त्याच्यावर जुलूम होत नाही, मेलेल्यांच्या घरच्यांचीही फसवणूक होते. त्या १८९ कुटुंबांना एकोणीस वर्षांनी काय मिळालं? त्यांची माणसं कुणी मारली, याचं उत्तर आजही नाही. डब्यात मेलेला सामान्य माणूस आणि कोठडीत सडलेला सामान्य माणूस, दोघांनाही इन्साफ मिळाला नाही.

योगायोग असा की ‘अ वेन्सडे’च्या दोनच आठवडे आधी, २२ ऑगस्ट २००८ रोजी, याच स्फोटांवर दुसरा सिनेमा आला होता. ‘मुंबई मेरी जान’. दिग्दर्शक पुन्हा निशिकांत कामत. त्यात के. के. मेनन यांनी केलेला सुरेश एका मुस्लिम तरुणावर संशय घेऊन त्याचा माग काढत फिरतो. प्रत्यक्ष भेटल्यावर त्याला दिसतो तो आपल्यासारखाच एक मुलगा. आपटेचा क्रोध दाखवणाऱ्या दिग्दर्शकानेच संशयाच्या क्रोधाचं हे दुसरं टोकही दाखवलं. या सिनेमाचा गाजावाजा मात्र कमी झाला. सूड बघायला गर्दी जमते, संशय फिटताना बघायला कमीच जमते. कामत २०२० मध्ये गेले.

हा प्रश्न फक्त पडद्यावरचा नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आमच्याच पालघर जिल्ह्यात, गडचिंचले गावात, जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला ठार मारलं. त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याची अफवा होती. मारणारेही सामान्य माणसंच होते आणि त्यांनाही खात्री होती. त्यानंतर समाजमाध्यमांवर लोकांनी या खुनांचं खापर मुसलमानांवर फोडायला सुरुवात केली. शेवटी गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुस्लिम नाही. एका अफवेने तीन जीव घेतले आणि लगेच दुसरी अफवा नवा गुन्हेगार शोधू लागली.

आणि ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेस याच पट्ट्यातून येत असताना चारजणांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यात रेल्वे सुरक्षा दलाचा एक अधिकारी आणि तीन मुस्लिम प्रवासी होते. आरोप त्याच दलाच्या एका जवानावर आहे. ती बातमी वाचताना माझ्या मनात काय आलं असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. तरीही मला वाटतं, त्याचा फैसला कोर्टातच व्हावा. त्याला वकील मिळावा, साक्षीपुरावे तपासले जावेत. जे मी त्या तेराजणांसाठी मागतो, ते या एकासाठी नाकारलं तर माझी मागणी इन्साफाची राहणार नाही.

‘अ वेन्सडे’चा नायक विचारतो तो प्रश्न खोटा नाही. दहा वर्षं का लागतात, हे विचारलंच पाहिजे. पण त्याचं उत्तर मोबाईलवरून उडवलेला बॉम्ब नाही. पंचनामा नीट झाला, पुरावा जपला, कबुलीजबाबासाठी मारहाण झाली नाही, साक्षीदार वेळेवर तपासला, की खटला लवकरही उभा राहतो आणि टिकतोही. अशा तपासावर सिनेमा निघाला तर थिएटर भरेल की नाही, कोण जाणे. पण संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बसलेल्या माणसाची सुरक्षितता त्या कंटाळवाण्या कामावरच उभी आहे.