काकांचा कान आणि एडनची तार

माणसाने कॉमर्सचा पदवीधर व्हावं, बँकेत चिकटावं आणि लोकांच्या बेरजा तपासत सुखाने पेन्शनची वाट पाहावी. सोल्डरिंगच्या भानगडीत पडू नये. मी पडलो, त्याला कारण आमचे वाढवणचे काका.

काका ऐंशीच्या पुढचे. त्यांचं श्रवणयंत्र जुन्या घडणीचं. सदऱ्याच्या खिशात काड्यापेटीएवढी डबी, तिथून कानापर्यंत वायर आणि वायरीच्या टोकाला इवल्याशा दोन पिनांचा जोड. तो जोड तुटला. समुद्रकाठची खारी हवा जिथे लोखंडी नांगर खाते, तिथे या पिनांची काय कथा! दुकानदार म्हणाला, "ही वायर आता येत नाही, नवीन मशीन घ्या." काका म्हणाले, "डबी शाबूत आहे. वायरीपायी डबी टाकू?"

आणि वेळ तरी कोणती! 19 जून 2024 ला केंद्र सरकारने वाढवण बंदराला मंजुरी दिलेली. गावात ओट्याओट्यावर तोच विषय. काका कासावीस. "अरे, मलाही बोलायचंय. पण आधी समोरचा काय म्हणतो ते ऐकू तर यायला हवं!"

तेव्हा मी लॅमिंग्टन रोडवरून सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि वाणगावची गाडी पकडण्याआधी, बँकेच्या सवयीने, या धंद्याची जुनी खाती तपासली.

खातं फार जुनं निघालं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी शिसं आणि कथील मिसळून नळ झाळण्याबद्दल लिहून गेला आहे. या दोन धातूंची भागीदारी मोठी मजेची. कथील एकटं 232 अंश सेल्सिअसला वितळतं, शिसं 327 ला. पण 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं एकत्र आलं, की दोघंही 183 अंशांनाच विरघळतात. भागीदारीत दोघांनी मिळून लवकर नमतं घेतल्याचं उदाहरण आमच्या कर्जखात्यात एकही नाही! पुढे शिसं विषारी म्हणून 2006 पासून युरोपने विजेच्या नव्या उपकरणांतून त्याला बहुतेक हद्दपार केलं. विजेवर तापणारं आयर्न मात्र अलीकडचं. जर्मनीत एर्न्स्ट साक्स यांनी ते 1921 साली आणलं. त्याआधी तांब्याचं टोक निखाऱ्यात तापवीत.

पण माझं मन रमलं ते समुद्रतारांत. 1858 साली अटलांटिकच्या तळाशी पहिली तार पडली. आत तांब्याच्या सात बारीक तारांचा पीळ, वर गटापर्चाचं वेष्टण. निरोप सावकाश जातो म्हणून व्हाइटहाउस नावाच्या गृहस्थांनी तिच्यात सुमारे दोन हजार व्होल्ट सोडले. तार काही आठवड्यांतच गेली. हे गृहस्थ पेशाने शल्यवैद्य!

मग आपली पाळी. 1865 पासून इराणच्या आखातातून मुंबईकडे निरोप येत. पण वाटेतले परभाषी तारबाबू ते पुढे पाठवता पाठवता शब्दांची पार मोडतोड करीत. "भात वाढू का?" विचारलं की काकांना "रात गाडू का?" ऐकू येतं, तसंच ते. 1870 साली 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रातून तार टाकली आणि त्याच वर्षी लंडन मुंबईशी बोलू लागलं. एवढ्या लांब तारेत कुठेही जोड द्यायचा, तर तांबं झाळायचं आणि त्यावर पुन्हा वेष्टण चढवायचं. एक जोड कच्चा राहिला, तर दोन्ही टोकांची साम्राज्यं मुकी!

एवढं ज्ञान घेऊन मी काकांच्या पडवीत बसलो. कथील आयर्नवर वितळवून तारेवर टिपं सोडली. टिपं मोत्यासारखी गडगडत चटईवर गेली. वायरीत नुसतं तांबं नव्हतं; दोऱ्याभोवती तांब्याची पातळ पत्री गुंडाळलेली. दोरा जळला. काकूंनी नाकाला पदर लावला. शल्यवैद्य व्हाइटहाउस यांच्यानंतर कॉमर्स पदवीधरांचा नंबर लागला होता.

अखेर शेजारच्या डायवाल्याला हाक मारली. वाढवण-चिंचणीच्या पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरणारे पुष्कळ. पोलादावर केसाएवढी रेघ ओढणारे हात. त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि जळका भाग कापला. पिना खरवडल्या, राळ लावली आणि दोन्ही टोकांना आधी हलकी कल्हई दिली; भांड्यांना देतात तीच! मग टोकं एकमेकांना टेकवून म्हणाला, "साहेब, कथील नाही तापवायचं. जोड तापवायचा. कथील आपोआप धावतं. नुसतं वरून ओतलं, तर जुळल्यासारखं दिसतं, जुळत नाही."

कथील चकाकत आत शिरलं. त्याने फुंकरही घातली नाही. "थंड होईपर्यंत हलवायचं नाही," एवढंच म्हणाला.

काकांनी डबी चालू केली. काकू माझ्याकडे बघून पुटपुटल्या, "आता जपून बोलायला हवं."

"ऐकलं हं!" काका गरजले.

संध्याकाळी काका ओट्यावर जाऊन बसले. बंदर हवं म्हणणारे होते, नको म्हणणारे होते, आवाज चढलेले. मला वाटलं, काका आता तोफ डागणार. पण काका तासभर एक शब्द बोलले नाहीत. एकदा इकडे, एकदा तिकडे, कान देऊन नुसते ऐकत राहिले.

घरी आल्यावर मी विचारलं, "काका, बोलला का नाहीत?"

काकांनी वायर हळूच गुंडाळली. "बोलतो उद्या," ते म्हणाले. "जोड जरा थंड होऊ दे."