हँडल थरथरते तेव्हा

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही आपल्याकडची म्हण. मोटारसायकलच्या इतिहासात तिचा प्रत्यय निदान अर्धे शतक येत होता. गाडी वेगात असताना हँडल एकाएकी थरथरू लागावे, चालकाने ते जितके आवळावे तितके त्याने अधिकच उसळावे आणि क्षणार्धात माणूस रस्त्यावर फेकला जावा, हा प्रकार जुन्या चालकांना अपरिचित नव्हता. रोग दिसे तो हँडलात. म्हणून औषधही हँडललाच दिले गेले.

हे औषध म्हणजे ‘स्टिअरिंग डँपर’. हँडलाच्या मध्यावर एक गोल मूठ असे. ती पिळली की आतल्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जात आणि घर्षणामुळे हँडल जड होई. वेग वाढला की मूठ पिळायची, गावात शिरले की सैल करायची. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांवर ही मूठ दिसते. परंतु ती पिळूनही काही गाड्या शांत होत नसत. अशा वेळी दोष चालकाच्या हाताला देणे सर्वांत सोपे होते.

आगीचा खरा पत्ता शोधणाऱ्यांत उत्तर आयर्लंडमधील रेक्स मॅकँडलेस याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. त्याने व त्याच्या भावाने हँडलाची फिकीर सोडून सबंध सांगाड्याचाच विचार केला. मागचे चाक बिजागरीसारख्या हलणाऱ्या दांड्यावर बसवून त्याला दोन तैलदाबाचे शॉकअब्सॉर्बर दिले. सलग नळ्यांचे दोन वेढे हँडलाच्या मानेपाशी एकमेकांना छेद देतील असे जोडले, त्यामुळे सांगाडा पिळवटला जाईना. बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीने हा सांगाडा 1950 साली शर्यतीत उतरवला. त्यावर बसून पाहिलेल्या हॅरल्ड डॅनिएल या शर्यतपटूला पिसांच्या गादीवर बसल्यासारखे वाटले, आणि सांगाड्याचे नाव ‘फेदरबेड’ पडले. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन बेटावरच्या ज्युनियर आणि सीनियर या दोन्ही शर्यतींत पहिले तीनही क्रमांक नॉर्टनने पटकावले. 1951 मध्ये जेफ ड्यूकने एकाच सिलिंडरच्या नॉर्टनवर बसून इटलीच्या चार सिलिंडरांच्या जिलेरांना मागे टाकले व जगज्जेतेपद मिळवले. शक्तीपेक्षा स्थैर्य श्रेष्ठ ठरले.

कारागिराच्या हाताला जे उमगले, त्याचे गणित मांडायला मात्र वेळ लागला. 1899 सालीच केंब्रिजच्या व्हिपल या तरुण गणितज्ञाने सायकलच्या तोलाची समीकरणे मांडली होती; पण त्याची चाके न घसरणारी, कठीण होती. खरे टायर रबराचे. ते दबतात, रस्त्यावर आडवे किंचित सरकतात. हे टायर हिशेबात धरून लीड्स विद्यापीठाच्या रॉबिन शार्पने 1971 साली आपला निबंध प्रसिद्ध केला आणि एकाच नावाखाली खपणारे दोन रोग वेगळे करून दाखवले. पहिला ‘वॉबल’. यात पुढचे चाक व हँडल सेकंदाला सहा ते नऊ वेळा थरथरतात. बहुधा मध्यम वेगावर, विशेषतः वेग उतरताना. दुसरा ‘वीव्ह’. यात सबंध गाडीच सापासारखी नागमोडी डुलते. सेकंदाला दोन-तीन हेलकावे, आणि तेही मोठ्या वेगावर. गंमत पुढेच आहे. डँपर आवळला की वॉबल शमतो, पण वीव्ह बळावतो! मूठ पिळूनही काही गाड्या अधिकच का बिथरत, त्याचे उत्तर इथे सापडते.

लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांसाठी हा भेद जिवाचा आहे. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर बांधलेले ओझे वीव्हला आमंत्रण देते. 1949 च्या सुमारास बाजारात आलेल्या आणि 1955 पासून मद्रासेत जुळवल्या जाऊ लागलेल्या बुलेटलाही मागे असाच बिजागरीचा दांडा होता. त्याची बुशे झिजली की मागचे चाक मोकाट होते आणि बिचारे हँडल बदनाम होते.

म्हणून निदान नेहमी क्रमाने करावे. प्रथम टायरची हवा आणि झीज पाहावी, मग रिमचा आउट. त्यानंतर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे व फोर्कचे पाय धरून मागेपुढे हलवावेत. खटखट जाणवली तर कोनसेट सैल आहे. हँडल फिरवताना मध्यावर अडकले तर कोनसेटमध्ये खाचा पडल्या आहेत. मागचे चाक आडवे हलवून बुशे तपासावीत. जड सामान खाली आणि दोन चाकांच्या मध्ये बांधावे. एवढे करून भागले नाही, तरच डँपरकडे वळावे. आणि वाटेत कंप सुटलाच तर हँडलाशी कुस्ती न खेळता, ब्रेक न दाबता, हळूहळू वेग उतरवावा.

सणासाठी मागे माणूस आणि बाजूला बोचकी घेऊन घराकडे निघालेल्या गाडीला हे सारे लागू आहे. निघण्यापूर्वीचा अर्धा तास तिच्या चाकांपाशी बसून घालवावा. घरी वाट पाहणाऱ्यांसाठी तेवढी काळजी अवश्य घ्यावी.