तळटीप 14 : गुप्तधनाचा हंडा

14. हंडा : गुप्तधनाचा हंडा म्हणजे जमिनीत पुरलेले, भुजंगाने राखलेले शापित धन. लोकसमजुतीनुसार ते पायाळू माणसाला, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्याला, डोळ्यांत अंजन घातल्यावर दिसते. नशिबात नसेल तर मोहरांचे कोळसे होतात आणि राखणदार बळी मागतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सच्या 1902 मधील ‘द मंकीज पॉ’ या इंग्रजी कथेतही मंतरलेला पंजा दोनशे पौंड मिळवून देतो, पण ते यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. दोन्हींकडे इच्छा पुरी होते ती घरातल्याच जिवाच्या मोलाने.

आपल्याकडे हे कथेपुरते राहिले नाही. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे 1972 ते 1974 या काळात मुली व स्त्रियांच्या हत्या झाल्या. त्यांचा संबंध गुप्तधनाच्या लालसेशी जोडला गेला. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याचे विधेयक त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झाले. गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये त्यात स्पष्टपणे गुन्हा ठरतात. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि 5,000 ते 50,000 रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. शापाचे भय दाखवणारा मांत्रिक गरजू घरातली शेवटची पुंजी, प्रसंगी लेकरूही मागतो. खरा धोका तिथे आहे. म्हणून अशी मागणी होताच पोलीस ठाणे गाठावे.