गिरणगावच्या खाणावळी आणि त्यांचे गिऱ्हाईक

१/ लहान व्यवसायापुढचा पहिला प्रश्न असतो, आपले गिऱ्हाईक नेमके कोण? मुंबईच्या गिरणगावातील खाणावळवाल्या बायकांनी तो कोणत्याही बाजारपाहणीविना सोडवला होता.

२/ १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे परळ-लालबाग परिसरात गिरण्यांची दाटी झाली. कोकणातून आणि घाटावरून आलेले अनेक कामगार कुटुंब गावीच ठेवीत. एकेका खोलीत गर्दीने राहणाऱ्या या पुरुषांना पाळीच्या वेळा सांभाळणारे, गावच्या चवीचे जेवण हवे होते.

३/ बायकांनी हेच गिऱ्हाईक हेरले. कोकणातल्यांना भात-मासळी, घाटावरच्यांना भाकरी. पैसे महिन्याने, पगार झाल्यावर.

४/ तोवरचे धान्य मात्र उधारीवर किंवा सावकारी व्याजाने आणावे लागे. नफा तिथेच झिरपून जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्जाची वाट खुली करून दिली.

५/ १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला आणि त्यांच्या पगारावर चालणाऱ्या खाणावळींचाही आधार सुटला.

६/ गिऱ्हाईक अचूक ओळखले होते. पण एकाच वर्गावर उभा असलेला व्यवसाय त्या वर्गाच्या नशिबाशी बांधला जातो. म्हणून संपाचा इतिहास वाचताना गिरणीच्या फाटकाबाहेरच्या चुलींचाही हिशेब धरायला हवा.