तालीम, तांबे आणि गोळी

सोनगीरच्या तांबटांना एक गोष्ट सांगावी लागत नाही. तांब्याचा पत्रा ठोकता ठोकता ताठर होतो. तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. जो घाई करील, त्याचे भांडे चिरते. देहाचेही तसेच आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले, ते वर्षानुवर्षांच्या कसरतीवर.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ साली, सीबा कंपनीने अमेरिकेत डायनाबोल नावाची गोळी बाजारात आणली. झिजलेल्या रोग्याच्या अंगी मांस भरावे हा हेतू. पण ती लवकरच धडधाकट वजनपटूंच्या खिशात गेली.

पुढचा भाग सांगताना आम्हाला जड जाते. कामगारांचे राज्य म्हणविणाऱ्या पूर्व जर्मनीने १९७४ पासून सरकारी योजना म्हणून अशी औषधे खेळाडूंना दिली. त्यांत कोवळ्या वयाच्या मुलीही होत्या. ही जीवनसत्त्वे आहेत, असे त्यांना सांगत. मुलींचे आवाज घोगरे झाले, पुढे कित्येकींची प्रकृती कायमची ढासळली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने मानफ्रेड एवाल्ड व डॉ. मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरविले. पदक हा उत्पादनाचा आकडा झाला, की माणूस कच्चा माल होतो. हे गिरणीत खरे, तसे तिथेही खरे.

डायनाबोलमधले तेच द्रव्य २०१६ साली तीन वेळचे महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांच्या तपासणीत सापडले. कोणी तरी ते अन्नात मिसळले, हे त्यांचे म्हणणे क्रीडा लवादाने मानले नाही; ४ वर्षांची बंदी आली. मोठ्या मल्लाची निदान तपासणी होते. गावच्या जिममधल्या सोळा वर्षांच्या पोराची कोण करतो?

या वयात हाडांची वाढती टोके अकाली जुळतात आणि उंची तिथेच खुंटते. बाहेरून रस मिळाला, की शरीर स्वतःचा रस करणे सोडते; अंडकोष आकसतात, छाती बाईसारखी फुगते. यकृत आणि हृदय बिघडते. स्वभाव तापट होतो. औषध सुटले, की मन खचते.

आम्ही कारखान्यात एक हक्क मागत आलो: हाताळतो त्या पिंपात काय आहे, ते कामगाराला कळले पाहिजे. सुई टोचून घेण्यापूर्वी पोरांनीही तेच विचारावे. बाटलीत काय आहे? डॉक्टरची चिठ्ठी कुठे आहे? आणि नफा कोणाच्या खिशात जातो? देह हेच श्रमिकाचे एकमेव भांडवल. ते असे उधळू नये.