उपचारातून आलेले अरिष्ट

१९५२ सालच्या नाताळच्या आठवड्यात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने एका नव्या रक्तविकाराची नोंद प्रसिद्ध केली. पाच वर्षांच्या रुग्णाचे नाव होते स्टीफन ख्रिसमस. त्याच्या आडनावावरून या विकारास ‘ख्रिसमस डिसीज’ म्हणू लागले. हा हिमोफिलियाचाच एक प्रकार. रक्त गोठविणारा घटक जन्मतःच अपुरा असल्याने साध्या ठेचेनेही गुडघ्यात रक्त साकळते आणि सांधा निकामी होतो.

सत्तरच्या दशकात हा घटक भुकटीच्या रूपाने कुपीत मिळू लागला. पाश्चात्त्य देशांतील मुले घरीच इंजेक्शन घेऊन शाळेत जाऊ लागली. परंतु एकेका घाण्यात हजारो दात्यांचा रक्तद्रव एकत्र होत असे आणि त्यांतील कित्येक जण पैशासाठी तो विकणारे होते. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलियाच्या तीन रुग्णांत एड्सची लक्षणे आढळल्याचे जाहीर झाले. उष्णता देऊन विषाणू नष्ट करता येतो हे १९८४ मध्ये सिद्ध होईपर्यंत तेथील सुमारे निम्म्या रुग्णांना लागण झाली होती. रक्तोपचारातूनच बाधित झालेला स्टीफन १९९३ च्या नाताळास पाच दिवस उरले असता एड्सने निवर्तला.

आपल्याकडे ती महागडी कुपी फार थोड्यांच्या आवाक्यात होती. बहुतेकांची भिस्त प्लाझ्मा आणि क्रायोप्रेसिपिटेट यांवर. एका दात्याच्या रक्ताची एक पिशवी, म्हणून एका पिशवीमागे धोका कमी. पण पिशव्या आयुष्यभर घ्याव्या लागत. गरिबीने थोडेफार वाचविले म्हणावे, तर रक्तविक्रीचा बाजार येथेही होताच! दात्याच्या रक्ताची एच.आय.व्ही. चाचणी १९८९ मध्ये सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिल्यावर १ जानेवारी १९९८ पासून व्यावसायिक रक्तदाते बंद झाले.

त्याच वर्षी जुलैत अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. त्या जिल्ह्यातील केनवडसारख्या गावी एखाद्या मुलाच्या सांध्यात रात्री रक्तस्राव झाला, तर आईबापांना शहराची वाट धरावी लागे. हाती पडलेल्या पिशवीवर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. आमच्या मते या इतिहासातील खरे ओझे त्या विश्वासाचे आहे.

पुढे प्रयोगशाळेत निर्माण केलेले, मानवी रक्तद्रवावर न विसंबणारे घटक आले. २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान मिळाले. रक्तस्रावाच्या भीतीने आधीच कचरणारे शल्यचिकित्सक आणि दंतवैद्य एच.आय.व्ही.चे नाव ऐकताच दार लावून घेत. अशा नकारास मनाई करणारा कायदा १० सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आला. ब्रिटनमध्ये मात्र चौकशीचा अंतिम अहवाल येण्यास मे २०२४ उजाडला. तोवर अनेक तक्रारदार हयात नव्हते.