अकरा दिवसांची खोली



भाड्याच्या खोलीचा इतिहास कोणी लिहीत नाही. राजवाड्यांचा लिहितात, किल्ल्यांचा लिहितात. माणूस खोलीत आला, भाडं देत राहिला आणि मुदत संपायच्या आत त्याची पेटी रस्त्यावर आली, हे कोणत्या बखरीत यायचं? पण आपल्यातले बहुतेक जण भाड्यानंच राहतात. कुही, भिवापूर, पवनीकडची पोरं उमरेडात येतात. कोणी कोळसा खाणीच्या कंत्राटात, कोणी गिरणीत, कोणी कॉलेजात. उमरेडची पोरं पुढे नागपूर गाठतात. सगळ्यांच्या पेटीत एकच कागद असतो. अकरा महिन्यांचा.

हा अकराचा आकडा आकाशातून पडला नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षावर्षाचा किंवा वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं. मग मालकांनी एक महिना कापला. नोंदणी वाचली, खर्च वाचला, आणि भाडेकरूच्या हातात पक्कं काही पडलं नाही. पुढे महाराष्ट्रात कायदा बदलला, त्याचं सांगतोच. पण अकराची खोड काही सुटली नाही.

आपल्या इतिहासात मात्र या अकरा महिन्यांच्या आधी अकरा दिवस आहेत. ते आधी वाचले पाहिजेत.

1913 साली बडोदा संस्थानानं भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाशी करार केला. संस्थान अमेरिकेत शिकायला पैसा देईल, शिकून आल्यावर त्यानं दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. सह्या झाल्या. न्यूयॉर्क झालं, लंडन सुरू झालं. शिष्यवृत्तीची मुदत भरली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते 1917 च्या ऑगस्टात परतले आणि सप्टेंबरात बडोद्याला गेले. करार एका बाजूनं तंतोतंत पाळला गेला.

आता राहायचं कुठं? हिंदू हॉटेलात आपल्याला कोण घेतो? पारशांची एक धर्मशाळा होती. नियम असा, की पारशी सोडून कोणाला जागा नाही. राखणदाराकडे बरेच दिवस उतारू फिरकला नव्हता, त्यालाही चार पैसे हवे होते. तोड निघाली. वहीत पारशी नाव लिहायचं आणि रोजचा दीड रुपया द्यायचा, जेवण धरून. वरच्या मजल्यावर एक लहान खोली मिळाली. बाजूच्या दालनात मोडक्या खुर्च्या, फळ्या, बाकं. विजेचा पत्ता नाही. कंदील आणि वटवाघळं. सरकारी बंगल्यासाठी अर्ज दिला होता, तो दिवाणाच्या कचेरीत पडून होता.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून कचेरीला निघताना जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली, धर्मशाळा बाटवलीस. बाबासाहेबांनी आठ दिवस मागितले. तेवढ्यात बंगल्याचं होईल अशी आशा होती. नाही म्हणाले. संध्याकाळी इथं दिसायचं नाही.

दोन मित्रांची दारं ठोठावली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्र म्हणाला, तू आलास तर माझे नोकर पळतील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचं होतं. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास कामाटीबागेत गेले. आज ती सयाजीबाग आहे, त्या जागेला आपण संकल्पभूमी म्हणतो आणि 23 सप्टेंबरला तिथं जमतो.

या प्रसंगावर आपण भाषणं पुष्कळ ठोकली. मला त्यातली एकच बारीक गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. ते आठ दिवस.

त्यांनी विनवणी केली हे खरं. पण मागितलं काय? कायमची जागा मागितली नाही. जातीची माफी मागितली नाही. मुदत मागितली. आणि खोलीतून निघायला मुदत ही काही दयेची गोष्ट नव्हे. ती तेव्हाच कायद्याच्या पुस्तकात छापलेली होती.

1882 साली इंग्रज सरकारनं दोन कायदे केले. एक मालमत्ता हस्तांतरणाचा. त्यात महिन्याच्या भाडेकरूला 15 दिवसांची नोटीस लिहिली आहे, करारात दुसरं काही ठरलं नसेल तर. दुसरा सुविधाधिकाराचा, म्हणजे ईझमेंटचा. ज्याला मालकानं नुसती राहायची परवानगी दिली, भाडेपट्टा दिला नाही, त्याची गोष्ट या दुसऱ्यात येते. परवानगी काढून घेतली तरी माणसाला निघायला आणि सामान न्यायला वाजवी वेळ मिळाला पाहिजे, असं कलम 63 सांगतं. पैसे घेऊन परवानगी दिली आणि माणसाचा काही दोष नसताना मुदतीआधी काढला, तर भरपाई द्यावी लागेल, असं कलम 64. आजचं लिव्ह अँड लायसन्स याच कायद्याचं पोर आहे. आणि गंमत बघा, हा ईझमेंटचा कायदा मुंबई इलाख्यात 1891 साली गेला, पण मध्य प्रांतात पहिल्यापासून होता. म्हणजे नागपूर-उमरेडच्या मातीत ही वाजवी वेळ 1882 पासून कागदावर आहे.

बडोदा संस्थान होतं, तिथं इंग्रजी कायदा जसाच्या तसा चालत नव्हता. धर्मशाळेतला उतारू भाडेकरूही नव्हे, आणि वहीतलं नाव खरं नव्हतं. मान्य. तरी प्रश्न राहतोच. खरं नाव सांगितलं असतं तर अकरा दिवस तरी मिळाले असते काय? पहिल्याच दिवशी दार बंद. खोटं नाव ही त्या माणसाची लबाडी नव्हती, ती त्या खोलीची अट होती. दहा वर्षं राबायच्या करारावर खरं नाव चालतं, निजायच्या खोलीच्या वहीत चालत नाही. हात पाहिजेत, माणूस नको.

बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत परतले. 1896 च्या प्लेगनंतर सरकारनं जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, त्याची ही चाळ. तिथल्या 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड बरीच वर्षं होतं. ती जागा त्यांनी सोडली ती दादरला स्वतःचं राजगृह बांधून. खोली सुटते ती अशीही सुटते. आपल्या पायानं, आपल्या सोयीनं, दिवसाउजेडी.

बडोद्यानंतर लगेच, 1918 साली, मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. लढाईत भाडी भडकली होती. आपल्या नागपूर भागात 1949 चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश आला. नुसती नोटीस द्यायची तरी मालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. तो गेला आणि 31 मार्च 2000 पासून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्याच्या कलम 55 नं करार लेखी आणि नोंदलेला असणं सक्तीचं केलं, अकरा महिन्यांचा असला तरी. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदला नसेल तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या. भाड्याची पावती देणं सक्तीचं. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हुसकावणं मना. पण परवान्यावर राहणाऱ्याला भाडेकरूइतकं संरक्षण नाही. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर त्याला दुप्पट भरावं लागतं. म्हणून कागदावर काय लिहिलं आहे, भाडेपट्टा की परवाना, ते सही करण्याआधी वाचा.

हे सगळे कायदे माणूस आत शिरल्यानंतरचे. दारातच अडवतात त्याचं काय? त्यासाठी 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा झाला, 1976 साली त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा पडलं. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घ्यायला किंवा राहायला आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर, गाव, राहती जागा सोडायला लावणं हा गुन्हा आहे.

मग काठ्या गेल्या काय? हातातल्या गेल्या. आता मालक गोड बोलतो. "मुलाचं लग्न जमलं बाप्पा, खोली लागून राहिली." "गावाकडून पाहुणे येऊन राहिले." आडनाव कळलं, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो दिसला, आणि चौथ्या महिन्यात लग्न जमलं. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत याची पाहणी केली, ती 2015 साली छापून आली. सवर्ण, दलित आणि मुसलमान नावांनी घरं विचारली. दलितांना नकार जास्त, मुसलमानांना त्याहून जास्त. ही जखम एकट्या आपली नाही.

आणि जाताना मालक चिठ्ठी लिहून घेतो, की मी ही खोली स्वखुशीने सोडत आहे. डिपॉझिट त्याच्या हातात अडकलेलं असतं. आपण सही करतो. त्या एका शब्दानं खोलीचा सगळा इतिहास पुसला जातो. कोर्टात उभं राहायचं तर पुरावा उलटा, आपल्याच सहीचा. स्वखुशी! या शब्दाएवढा मोठा दरोडा कोणत्या दरोडेखोरानं घातला नसेल.

बडोद्याच्या धर्मशाळेच्या वहीत फार तर एवढंच राहिलं असतं, की एक पारशी उतारू आला, अकरा दिवस राहिला, गेला. खरा प्रसंग आपल्या हाती आला तो बाबासाहेबांनी स्वतः तो सांगितला आणि लिहून ठेवला म्हणून. भाडं किती, मजला कोणता, दिवस कितवा, काठ्या किती, गाडी किती वाजताची. अठरा-एकोणीस वर्षांनीही त्यांनी बारीकसारीक विसरलं नव्हतं. व्हिसाची वाट पाहताना या अर्थाच्या नावाचं ते लिखाण, पुस्तक म्हणून आलं 1990 साली.

म्हणून सांगतो. खोली घेतली त्या दिवसापासून वही ठेवा. तारीख, भाडं, डिपॉझिट, पावती. मालकानं आडनाव कधी विचारलं, फोटो कधी पाहिला, लग्न कधी जमलं. खरं नाव लिहा. करार नोंदवून मागा. निघायची पाळी आलीच तर वाजवी मुदत मागा, लेखी मागा. आणि स्वखुशीच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी तिच्यावर खरं कारण लिहा. मालक चिठ्ठी फाडेल. वहीतलं पान तुमच्याजवळ राहील.

जयभीम.